अडीचशेचा शब्द

ई-मेल पाठवताना दोन सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते कधी पाहिलंय? अगदी साधं बोलणं असतं. एक म्हणतो, मी अमुक. दुसरा म्हणतो, बोला. मग पाठवणारा कोण, घेणारा कोण आणि शेवटी मजकूर. मजकूर संपला की एका ओळीत नुसतं एक टिंब द्यायचं. सगळं ठीक असेल तर समोरचा सर्व्हर एक आकडा परत करतो: २५०.

हा २५० म्हणजे नुसतं "मिळालं" नव्हे. एसएमटीपी हा ई-मेलचा नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढला. ऑक्टोबर १९८९ मध्ये आलेल्या आरएफसी ११२३ या दस्तऐवजात या आकड्याचा अर्थ स्पष्ट करून सांगितला आहे. २५० म्हटलं की पत्राची जबाबदारी तुमची. ते पुढे पोचवा, नाही पोचलं तर पाठवणाऱ्याला कळवा. आणि नंतर मशीन बंद पडलं म्हणून पत्र हरवलं, ही सबब चालणार नाही.

मशीन बंद पडणं ही आमच्याकडची रोजची गोष्ट. "आमच्याकडे" म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात. त्यामुळे हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा नियम लिहिणाऱ्यांना आमचं भारनियमन कोणी सांगितलं :-)

बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. मुंबई-नागपूर लाइन खालून मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी जाते आणि मलकापूरहून राजूर घाट चढून वर बुलढाण्याला यावं लागतं. समजा टपालाची पोती मलकापूरला उतरली आणि घाटात दरड कोसळली. पोती मलकापुरात थांबतील, पण कोणी ती फेकून देणार नाही. रस्ता सुरू झाला की वर येतील. ई-मेल नेमकं असंच चालतं. प्रत्येक टप्प्यावर पत्र उतरवून घ्यायचं, सांभाळायचं, पुढची गाडी मिळाली की चढवायचं. हे काम करणारा प्रोग्राम म्हणजे मेल सर्व्हर, आणि तो कोणता निवडायचा हा आजच्या लेखाचा विषय.

हा विषय डोक्यात शिरला तो शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका मित्रामुळे. आम्ही बाकीचे पुण्या-बंगळूरला पळालो, हा गावी राहिला. आधी केबलचा धंदा, आता फायबर. जिल्ह्यापुरतं लायसन्स, दोन-तीन तालुक्यांत कनेक्शनं, खांबांवर चढणारी चार-पाच पोरं. त्याच्या ग्राहकांत जिनिंगवाले आहेत, पतसंस्था आहेत, कृषी सेवा केंद्रं, दवाखाने, शाळा आहेत. त्यातल्या काहींनी त्याला विचारलं, आम्हाला आमच्या नावाचा ई-मेल देतोस का? त्याने मला फोन केला. "मले फक्त एवढं सांग भौ, कोणतं टाकू? फुकटातलं पायजे. अन् लाइन गेली तरी पत्रं गेले नाही पायजे." आमच्याकडे लाइन म्हणजे वीज, हे पुणेकरांसाठी सांगून ठेवतो.

दोन वाक्यांत त्याने आरएफसीचा सारांश सांगितला होता. मला उत्तर मात्र लगेच देता आलं नाही, कारण माझी पिढी जीमेलवर वाढलेली. आमच्या घरी नेट आलं तेव्हा ते ब्रॉडबँड होतं. डायल-अपचा आवाज मी फक्त यूट्यूबवर ऐकला आहे. मग दोन-तीन वीकेंड बसून मागचं वाचून काढलं. कोणी, कधी, काय निवडलं आणि त्याचं पुढे काय झालं. ते सगळं इथे मांडतो.

जुहूची टपालकचेरी

भारतातल्या ई-मेलची सुरुवात मुंबईत झाली. १९८६ मध्ये एर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएस्सी आणि जुहूचं एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, अशा आठ संस्था त्यात होत्या. एनसीएसटीचे प्रमुख होते श्रीनिवासन रमाणी. २०१४ मध्ये त्यांचं नाव इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या फोन लाइनवरून मोडेम लावून पत्रांची देवाणघेवाण सुरू झाली. जुहू ते पवई!

ही पत्रं यूयूसीपी या पद्धतीने जायची. ठरावीक वेळी एक मशीन दुसऱ्याला फोन लावणार, साठलेली पत्रं देणार-घेणार आणि फोन ठेवणार. दोन मशीन सतत जोडलेली असायची गरजच नाही. पुढे जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई अशी ९.६ केबीपीएसची पहिली लीज्ड लाइन आली आणि १९९२ मध्ये जुहूहून अमेरिकेतल्या यूयूनेटला ६४ केबीपीएसची लाइन जोडली गेली. त्या काळात देशभरातल्या संशोधकांची परदेशी पत्रं या दारातून जात-येत होती. डॉट इन या डोमेनची जबाबदारीही १९८९ पासून एनसीएसटीकडेच होती.

त्या काळी युनिक्सवर मेल सर्व्हर म्हणजे सेंडमेल. एरिक ऑलमन यांनी बर्कलीत १९७९ मध्ये डिलिव्हरमेल नावाचा प्रोग्राम लिहिला होता, त्याचा हा पुढचा अवतार. तेव्हा नेटवर्कं वेगवेगळी होती, प्रत्येकाची पत्ता लिहायची तऱ्हा वेगळी. कुठे ॲट, कुठे उद्गारचिन्हं. सेंडमेल एका तऱ्हेचा पत्ता दुसऱ्या तऱ्हेत बदलून द्यायचा. त्यासाठी त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये अशी काही भाषा होती की फाइल उघडल्यावर कीबोर्डवरून मांजर चाललं की काय असं वाटावं.

पण खरी अडचण वेगळी होती. सेंडमेल हा एकच मोठा प्रोग्राम आणि तो रूट म्हणजे सर्वाधिकारी म्हणून चालायचा. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म ज्या वाटांनी पसरला, त्यातली एक वाट म्हणजे सेंडमेलमध्ये उघडी राहिलेली डीबगची सोय. टपालकचेरीत तिजोरीची, गोदामाची आणि पुढच्या दाराची किल्ली एकाच माणसाकडे असावी, तसला प्रकार. पुढच्या दहा वर्षांत जे नवे मेल सर्व्हर आले, त्यातले दोन तर मुख्यतः याच एका अडचणीवर उपाय म्हणून लिहिले गेले.

पत्त्यात मशीनचं नाव

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने म्हणजे व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. वेग ९.६ केबीपीएस, आणि व्यक्तीला २५० तासांचे ५,००० रुपये. सुरुवात मोठ्या शहरांतून. बुलढाण्यातल्या माणसाला हे हवं असेल तर मुंबईला एसटीडी लावून मोडेम जोडायचा, म्हणजे नेटच्या बिलाहून फोनचं बिल मोठं.

मला यात गंमत वाटली ती पत्त्यांची. मुंबईच्या ग्राहकाच्या पत्त्यात ॲटच्या पुढे "जीआयएएसबीएम०१" असं असायचं, पुण्याच्या ग्राहकाच्या पत्त्यात "जीआयएएसपीएन०१". म्हणजे सेवेचं नाव, शहराची दोन अक्षरं आणि मशीनचा नंबर! तुमचं पत्र कोणत्या डब्यात पडतं हे तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं. उद्या ते मशीन बदललं तर? कार्ड बदला, लेटरहेड बदला, शे-दीडशे लोकांना कळवा. इंजिनिअरला सोयीचं म्हणून दिलेलं एक नाव ग्राहकाला वर्षानुवर्षं वागवावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका महिन्याच्या अंतराने

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने व्हीएसएनएलची मक्तेदारी संपवून खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायची परवानगी दिली. लायसन्सचे तीन वर्ग केले. ए म्हणजे अख्खा देश, बी म्हणजे एक टेलिकॉम सर्कल, आणि सी म्हणजे दूरसंचार खात्याचा एक एसएसए, म्हणजे साधारण एक जिल्हा. ए वर्गाला २ कोटींची बँक गॅरंटी, बीला २० लाखांची आणि सीला फक्त ३ लाखांची. सुरुवातीची पाच वर्षं लायसन्स फी माफ. म्हणजे कागदावर तरी, बुलढाण्यातला कोणीही उत्साही माणूस तीन लाखांची गॅरंटी देऊन जिल्ह्याचा इंटरनेटवाला होऊ शकत होता.

आणि बरोबर एका महिन्याने, डिसेंबर १९९८ मध्ये, आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या वित्से वेनेमा यांचा मेल सर्व्हर सोर्स कोडसकट मोफत बाहेर आला. तोच आजचा पोस्टफिक्स. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण त्या वर्षअखेरीस सी वर्गाचं लायसन्स घेऊन बसलेल्या माणसाची कल्पना करा. ग्राहकाला कनेक्शनबरोबर ई-मेल द्यायलाच हवा, कारण तेव्हा लोक नेट घ्यायचे तेच मुळी ई-मेलसाठी. विकतचं सॉफ्टवेअर म्हणजे माणशी डब्यामागे लायसन्सचे पैसे, तेही डॉलरमध्ये. मग उरतं मोफतचं. ते मिळणार कुठून? डायल-अपवर अख्खं लिनक्स उतरवायचं म्हणजे काशीयात्रा. त्यासाठी पीसीक्वेस्ट मासिकाची सीडी होती. १९९६ पासून हे मासिक अंकासोबत लिनक्सची सीडी देऊ लागलं आणि त्यामागे बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमधून इंजिनिअर झालेले अतुल चिटणीस होते. भारतात माझ्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी पहिलं लिनक्स त्या सीडीवरून टाकलं.

त्या माणसापुढे तेव्हा चार पर्याय होते.

पहिला, सेंडमेल. बहुतेक लिनक्सबरोबर तोच यायचा, पुस्तकं त्याचीच, माहीतगार माणसंही त्याचीच. १९९८ च्या ८.९ या आवृत्तीपासून त्याने एक चांगली गोष्ट केली. कोणाही परक्याची पत्रं कुठेही पोचवून द्यायची जुनी सवय, जिला ओपन रिले म्हणतात, ती त्याने मुळातच बंद केली. त्याआधी नवा सर्व्हर लावला की स्पॅमवाले त्याच्यावरून फुकटात डाक पाठवायचे.

दुसरा, एक्झिम. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी १९९५ मध्ये विद्यापीठासाठी लिहिला. लवचीक इतका की जो नियम सुचेल तो लिहिता येतो. पण रचना सेंडमेलसारखीच, एक मोठा प्रोग्राम, रूटचे अधिकार बाळगणारा.

तिसरा क्यूमेल आणि चौथा नुकताच आलेला पोस्टफिक्स. या दोघांकडे जरा सविस्तर बघू.

रेडिफची निवड

डॅनिअल बर्नस्टाइन या गणितज्ञाने क्यूमेल लिहिला. १.० आवृत्ती फेब्रुवारी १९९७ ची, १.०३ जून १९९८ ची. त्याने टपालकचेरीचे तुकडे केले. पत्र घेणारा वेगळा, रांगेत लावणारा वेगळा, पोचवणारा वेगळा. प्रत्येकाचा युझर वेगळा, कोणाचाच कोणावर विश्वास नाही. सुरक्षेतली चूक दाखवणाऱ्याला त्याने ५०० डॉलर देऊ केले होते.

शिवाय त्याने मेलडिर आणलं. त्याआधी एका माणसाची सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवलेली असायची. पत्र लिहिलं जात असताना वीज गेली तर ती फाइल अर्धवट राहायची, आणि मग पुढची सगळी उस्तवार. मेलडिरमध्ये प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल. आधी "टीएमपी" या फोल्डरमध्ये पूर्ण लिहायची, डिस्कवर गेल्याची खात्री करायची आणि मगच "न्यू"मध्ये सरकवायची. वीज गेली तर जे अर्धवट राहील ते "टीएमपी"त राहील. आधीच्या पत्रांना धक्का नाही.

क्यूमेल मोठ्या लोकांनी उचलला. हॉटमेलने बाहेर जाणाऱ्या डाकेसाठी तो वापरला. आणि आपल्या मुंबईच्या रेडिफमेलने. २००० च्या दशकात रेडिफमेलवरून आलेलं एखादं जुनं पत्र असेल तर त्याचं पूर्ण हेडर उघडून बघा. त्यात "क्यूमेल", मग एक आकडा आणि "इन्व्होक्ड बाय यूआयडी ५१०" अशी ओळ सापडेल. आपल्या आधीच्या पिढीने नोकरीचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका आणि प्रेमपत्रंसुद्धा ज्या रेडिफच्या पत्त्यांवरून पाठवली, ती सगळी मोफत मिळणाऱ्या या प्रोग्रामातून गेली.

मग मित्राला क्यूमेलच का सांगू नये? याला दोन कारणं आहेत, आणि दोन्ही १९९८ मध्ये कळण्यासारखी नव्हती.

एक म्हणजे लायसन्स. सोर्स उघडा होता, पण त्यात बदल करून तयार झालेला प्रोग्राम वाटायला बर्नस्टाइनची परवानगी नव्हती. त्यामुळे लिनक्सवाल्यांना तो आपल्या सीडीत नीट घालता येईना. लोकांनी पॅच लिहिले, पॅचवर पॅच आले, प्रत्येकाचा क्यूमेल वेगळा झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये त्याने तो सार्वजनिक करून टाकला, पण तोवर उशीर झाला होता. नुसता सोर्स दिसणं आणि तो सगळ्यांनी मिळून सांभाळता येणं यात किती अंतर आहे ते इथे कळतं.

दुसरं कारण मुळातलंच आहे. मूळ क्यूमेल आपल्या डोमेनचं कुठलंही पत्र आधी २५० म्हणून घ्यायचा आणि असा माणूसच नाही हे नंतर तपासायचा. मग नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याला परत. पण स्पॅमवाले पाठवणाऱ्याचं नाव खोटं टाकतात, त्यामुळे ही परतीची पत्रं भलत्याच माणसांच्या डोक्यावर पडायची. अडीचशेचा शब्द प्रामाणिकपणे पाळूनही त्रास झाला, कारण तो देताना घाई झाली.

आणि सुरक्षेचं म्हणाल तर २००५ मध्ये जॉर्जी गुनिन्स्की यांनी ६४ बिट मशीनवरच्या काही चुका दाखवल्या, तेव्हा त्या प्रत्यक्षात वापरता येणार नाहीत असं ठरवलं गेलं. २०२० मध्ये क्वालिस या कंपनीच्या लोकांनी त्यातलीच एक वापरून दाखवली. पंधरा वर्षांनी!

संचारनेटचे पत्ते

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत घरोघरी नेट नेण्याचं मोठं काम झालं ते सरकारी मार्गाने. ऑक्टोबर २००० मध्ये बीएसएनएल झाली आणि तिची संचारनेट ही डायल-अप सेवा जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. दुकानाच्या पाटीवर फोन नंबरखाली ई-मेल लिहायची पद्धत आमच्याकडे पडली ती संचारनेटच्या पत्त्यांनी.

संचारनेटच्या जुन्या पत्रांची हेडरं पाहिली तर तिथे "आयप्लॅनेट मेसेजिंग सर्व्हर" हे नाव दिसतं. हे विकतचं, सन आणि नेटस्केप यांच्या भागीदारीतलं. सॉफ्टवेअर दणकट होतं, त्याबद्दल तक्रार नाही. लाखो ग्राहकांच्या कंपनीने असं काही घेणं समजण्यासारखंही आहे, कारण रात्री दोन वाजता फोन करायला कोणीतरी लागतं. पण त्याच्या नावाचा प्रवास बघा: नेटस्केप, आयप्लॅनेट, सन वन, सन जावा सिस्टिम, आणि २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतल्यावर ओरॅकल. मालक बदलले, पाटी बदलली, आणि विकत घेणाऱ्याच्या हातात काही नव्हतं.

ग्राहकाच्या बाजूलाही तेच झालं. २००५ मध्ये डेटावन ब्रॉडबँड आलं, मग बीएसएनएल डॉट इन, आणि संचारनेट हे नाव मागे पडलं. अजूनही गावी एखाद्या जुन्या बिलबुकावर किंवा गंजलेल्या पाटीवर संचारनेटचा पत्ता दिसतो. त्यावर आज कोणी पत्र पाठवलं तर पोचणार नाही. पत्ता दुकानदाराचा कधी नव्हताच, तो कंपनीचा होता. पुण्या-मुंबईच्या "जीआयएएस"वाल्या पत्त्यांची गोष्ट पुन्हा एकदा घडली.

मग कोणतं टाकू?

माझं उत्तर पोस्टफिक्स, आणि पत्रं ठेवायला डव्हकॉट.

पोस्टफिक्सने क्यूमेलची चांगली गोष्ट घेतली, म्हणजे कामाचे तुकडे आणि कमीत कमी अधिकार, आणि सेंडमेलच्या कमांड तशाच चालू ठेवल्या, म्हणजे जुन्या माणसाला नव्याने शिकायला नको. कॉन्फिगरेशन म्हणजे डावीकडे नाव, उजवीकडे किंमत. पत्र पूर्ण रांगेत लिहून, डिस्कवर पोचल्याची खात्री करून मगच तो २५० म्हणतो. असा माणूस नाही हे तो दारातच सांगतो, शब्द देण्याआधी. २०१० मध्ये रेड हॅटने आपल्या सहाव्या आवृत्तीत सेंडमेल काढून पोस्टफिक्स बसवला. डव्हकॉट फिनलंडच्या टिमो सिराइनेनचा, जुलै २००२ पासूनचा, आणि तो मेलडिर वापरतो. म्हणजे बर्नस्टाइनची कल्पना क्यूमेलशिवायही जगली.

एक्झिम वाईट नाही. सीपॅनेल वापरणारे होस्टिंगवाले त्याच्यावरच चालतात. पण जून २०१९ मध्ये आणि पुन्हा मे २०२१ मध्ये त्यात मोठ्या चुका सापडल्या, आणि रूटचा एकच मोठा प्रोग्राम असल्यामुळे त्या महागात पडतात. अपडेट टाकायला रोज माणूस असेल तर ठीक. मित्राकडे खांबावर चढणारी पोरं आहेत, रोज अपडेट बघणारा माणूस नाही. पोस्टफिक्सही धुतल्या तांदळासारखा नाही. डिसेंबर २०२३ मधला एसएमटीपी स्मगलिंगचा प्रकार त्यालाही लागू होता. फरक एवढाच की दुरुस्ती पटकन आली आणि साध्या अपडेटमधून सगळ्यांपर्यंत पोचली.

आता लाइनचं. मित्राला मी म्हटलं, लाइन गेली तर बाहेरून येणारं पत्र जात नाही, उशिरा येतं. तुझा सर्व्हर बंद असेल तर समोरच्याला २५० मिळालेलं नाही, म्हणून पत्र त्याच्याच रांगेत राहतं आणि तो पुनःपुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस थांबतो, इतर सर्व्हरही चार-पाच दिवस. दोन हजारच्या दशकात गावाकडे दहा-बारा तास भारनियमन असायचं, तेही यात बसलं असतं. राजूर घाटातली दरड पाच दिवसांत निघतेच. तुला सांभाळायचंय ते फक्त ज्याला तू २५० म्हणालास तेवढं. त्यासाठी एक चांगला यूपीएस, दोन डिस्क आणि रोज रात्री दुसऱ्या गावी एक कॉपी.

अवघड काम वेगळंच आहे, आणि ते कुठल्याच सॉफ्टवेअरने सुटत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. एसपीएफ, डीकिम, डीमार्क आणि आयपीचं उलटं नाव, हे नीट नसेल तर खामगावच्या पतसंस्थेचं पत्र खातेदाराच्या स्पॅममध्ये जाऊन पडेल. एका ग्राहकाचा पासवर्ड चोरीला गेला आणि रात्रीतून दहा हजार पत्रं सुटली की आख्खा आयपी काळ्या यादीत. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार अशी घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा पगार फुकट नाही.

यावर कोणीही विचारेल, मग एवढी उठाठेव कशाला? मोठ्यांकडून घे आणि मोकळा हो. जग तिकडेच चाललंय. अमेरिकेतल्या कॉक्स या कंपनीने २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांची डाक याहूकडे सोपवली. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी होती की केंद्र सरकारच्या १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहोच्या यंत्रणेवर गेले. एवढ्या मोठ्या संस्थांना जे परवडत नाही ते मलकापूर-खामगावच्या माणसाने का करावं?

मी मित्राला सांगितलं, रोज अर्धा तास लक्ष घालणारा एक माणूस ठेवू शकत असशील तर स्वतः चालव. नसेल तर नको चालवूस, त्यात लाज नाही. पण दोन्ही बाबतीत एक गोष्ट कर. पत्ता तुझ्या कंपनीच्या नावाने देऊ नकोस. प्रत्येक पतसंस्थेला, जिनिंगला तिचं स्वतःचं डोमेन घ्यायला लाव आणि ते तिच्याच नावावर नोंदव.

इथे आमचं वाजलं. तो म्हणाला, "काहून? माह्या नावाचा पत्ता असला तर गिऱ्हाईक सोडून जात नाही ना बे!" धंद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे त्याचं. पत्ता बदलायचा त्रास नको म्हणून लोक वाईट सेवासुद्धा वर्षानुवर्षं सहन करतात. पण संचारनेटच्या गंजलेल्या पाट्या त्यानेही पाहिल्या आहेत. त्याची कंपनी उद्या मोठ्या कोणी विकत घेतली तर त्याच्या नावाच्या पत्त्यांचं काय होणार, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. डोमेन ग्राहकाचं असलं तर सर्व्हर बदलता येतो, पोस्टफिक्सवरून झोहोवर जाता येतं, झोहोवरून परत येता येतं, आणि पाटी तीच राहते. उघड्या सोर्सचा मोठा फायदा मला इथे दिसतो. मेलडिरमधली पत्रं म्हणजे साध्या फाइली. त्या उचलून कुठेही नेता येतात, मालकाची परवानगी लागत नाही. शेवटी त्याने मान्य केलं, तेही अर्धवट. पतसंस्थांना आणि दवाखान्यांना त्यांचं डोमेन, घरगुती ग्राहकांना ई-मेल द्यायचाच नाही. मला हा तोडगा पटला. जो शब्द निभावता येणार नाही तो देऊ नये, हे २५० च्या नियमाला धरूनच आहे.

एक गोष्ट मात्र अजून करायची राहिली आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये आरएफसी ६५३१ आला, त्याने ई-मेलचा पत्ता कुठल्याही लिपीत लिहायची सोय केली. ऑगस्ट २०१४ मध्ये डॉट भारत हे देवनागरी डोमेन सुरू झालं. पोस्टफिक्सने फेब्रुवारी २०१५ च्या ३.० आवृत्तीत ही सोय आणली. म्हणजे चिखलीच्या एखाद्या कृषी सेवा केंद्राला ॲटच्या अलीकडे-पलीकडे पूर्ण मराठीत पत्ता देता येईल, अशी तयारी पोस्टफिक्समध्ये दहा वर्षांहून जास्त काळ आहे. अडचण समोरच्या टोकाची आहे. घेणाऱ्या सर्व्हरला ही भाषा येत नसेल तर तो २५० म्हणत नाही, पत्र परत येतं. त्यामुळे सध्या रोमन पत्ता मुख्य आणि देवनागरी जोडीला, असं करावं लागेल. मित्राला मी ही सोय सुरू ठेवायला सांगितली आहे. सेटिंगमध्ये एका शब्दाचं काम आहे, आणि त्यासाठी कोणाला पैसेही द्यावे लागत नाहीत.